मैत्री (भारताचं अंटार्क्टिकावरचं स्थानक), हिवाळा २०२४ : चुंबकीय वेधांची वही

४ मार्च २०२४

समर टीम गेली. नोव्होच्या, म्हणजे शेजारच्या रशियन स्थानकाच्या, बर्फाच्या धावपट्टीवरून केपटाऊनचं विमान सुटलं, आता नवीन माणसं दिसणार ती थेट नोव्हेंबरात. हिवाळाभर राहणारे विंटरिंगवाले तेवढे उरलो. डायनिंग हॉलमध्ये खुर्च्या एकदम जास्त झाल्या.

ही वही पुढच्या मोहिमेत माझ्या जागी जो येईल त्याच्यासाठी. आकडे पनवेलला, आमच्या भूचुंबकत्व संस्थेत, जातातच, त्यांची काळजी नाही. पण आकड्यांत न दिसणाऱ्या बऱ्याच गोष्टी असतात. कुठली वायर कुठून गेली आहे, कुठला दरवाजा कधी अडकतो, कोणत्या दिवशी कुठून गाडी गेली. त्या सगळ्या इथे.

ताब्यात आलेलं सामान : फ्लक्सगेट व्हेरिओमीटर, एकूण क्षेत्र मोजणारा प्रोटॉन मॅग्नेटोमीटर, कोन मोजायचा पोलादाशिवाय बनवलेला थिओडोलाइट आणि त्याच्या दुर्बिणीवर बसवलेला फ्लक्सगेट (चुंबकीय सेन्सर), आकाशातला रेडिओ गोंगाट ऐकणारा रायोमीटर आणि त्याचे अँटेना. सगळं चालू स्थितीत.

व्हेरिओमीटरबद्दल आधीच लिहून ठेवतो, कारण नवीन माणसाला वाटतं की तोच सगळं करतो. तो फक्त बदल मोजतो. मघापेक्षा आता पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती वर गेलं, किती खाली आलं हे तो नॅनोटेस्लाच्या (क्षेत्र मोजायचं एकक) अंशापर्यंत सांगेल. मुळात क्षेत्र आहे किती, हे त्याला ठाऊक नसतं. शिवाय थंडीने सरकतो, खांब जरासा कलला की सरकतो, आणि कधी कधी उगाचच सरकतो. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा माणसाने झोपडीत जाऊन हाताने खरी किंमत काढायची. याला आम्ही ॲब्सोल्यूट म्हणतो. दोन्हींतला फरक ती बेसलाइन. वर्षभर बेसलाइन सरळ राहिली की झालं. तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही, पण या नोकरीत त्याहून मोठी गोष्ट नाही.

११ मार्च

झोपडीचे नियम. झोपडी मुद्दाम स्टेशनपासून लांब, सगळी लाकडाची, खिळे-स्क्रू पितळेचे. आत जाताना लोखंड बाहेर : किल्ल्या, चाकू, पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, पेन, वॉकी-टॉकी. एवढं सगळ्यांना माहीत असतं. विसरतात ते बूट. इथे मिळणाऱ्या काही बुटांच्या तळात पोलादी पट्टी असते, काहींची दोरी ओवायची कडी लोखंडी. होकायंत्राजवळ बूट फिरवून बघायचा, सुई हलली की तो बूट झोपडीसाठी बाद.

चष्म्याचंही तसंच. मी निघण्यापूर्वी पनवेलच्या दुकानात प्लास्टिकच्या फ्रेमचा चष्मा करून घेतला आणि चुंबक बरोबर नेऊन बिजागऱ्या तपासल्या. दुकानदाराने मला वेड्यात काढलं असणार. हेडटॉर्चही नको, बॅटरीचं कवच पोलादी असतं. आतला दिवा बाहेरून वायर आणून लावलेला आहे आणि ती वायर दुहेरी पिळलेली आहे, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या करंटचं क्षेत्र एकमेकांना मारतं. कुणी ‘नीट’ करायच्या नादात पीळ सोडवू नये.

१९ मार्च

रायोमीटरच्या अँटेनांवरचा बर्फ काढला. पाठ गेली.

३ एप्रिल

ब्लिझार्ड. वारा आग्नेयेकडून, इथला ठरलेला. बाहेर पडायला बंदी, झोपडीत जाणं रद्द. व्हेरिओमीटर सुरळीत, त्याला हवामानाशी देणंघेणं नाही.

हवामान खात्याच्या दोघांना मात्र सुट्टी नाही, दर तीन तासांनी निरीक्षण चुकत नाही. दोर धरून, जोडीने, रजिस्टरमध्ये नाव लिहून बाहेर जातात आणि परतल्यावर पुन्हा सही करतात. हिवाळ्यात एकट्याने दरवाजाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम लीडरलाही लागू.

७ एप्रिल

वारा पडला. झोपडीचं दार अर्धं गाडलं गेलं होतं. फावडं लोखंडी, त्यामुळे काम झाल्यावर ते पार लांब नेऊन ठेवावं लागतं. दाराशी टेकवून ठेवलं तर बेसलाइनमध्ये दिसेल.

बातमी आली की ५ तारखेला भारती स्थानकावर टपाल कार्यालय सुरू झालं. भारती इथून सुमारे ३००० किलोमीटर, लार्समन टेकड्यांत. दक्षिण गंगोत्रीला १९८४ मध्ये पहिलं, मैत्रीला १९९० मध्ये दुसरं, हे तिसरं. पिनकोड प्रायोगिक, एमएच-१७१८. अंटार्क्टिकाचं टपाल गोव्यातून जातं आणि गोवा विभाग महाराष्ट्र सर्कलमध्ये, म्हणून एमएच. म्हणजे टपाल खात्याच्या लेखी हा खंड महाराष्ट्रात मोडतो. जेवताना हे सांगितलं तर आमच्या बिहारी जनरेटरवाल्यांनी विचारलं, “तो फिर यहाँ वडापाव क्यों नहीं मिलता?”

२२ एप्रिल

गॅली ड्यूटी. पाळीपाळीने प्रत्येकाला, शास्त्रज्ञ असो की डॉक्टर. कांदे-बटाटे अजून आहेत, बाकी भाजी फ्रोझन. आज पिठलं-भात केला. फोडणीला लसूण पावडर, कोथिंबीर वाळवलेली. डॉक्टर साताऱ्याचे आहेत, त्यांनी पिठलं घट्ट हवं होतं म्हणून कुरकुर केली आणि तीनदा वाढून घेतलं.

पाणी जपून. प्रियदर्शिनी तलावातून पंपाने येतं. तलाव वरून गोठलाय, खाली पाणी आहे. पाइप गरम ठेवावा लागतो. पाइप थंड पडला की स्टेशनवर सगळ्यांचीच धावपळ.

१० मे

अक्षय्य तृतीया. दुपारी डब्यातला आमरस आणि पुऱ्या. सूर्य उत्तरेला क्षितिजाला घासून वर आला आणि थोड्या वेळात गेला.

सूर्यावरचा ३६६४ क्रमांकाचा डागांचा गट गेले काही दिवस विद्युतभारित कणांचे एकामागोमाग एक लोट सोडतो आहे, इकडे ईमेलवरून इशारे येत होते. उद्याचं ॲब्सोल्यूट आधीच रद्द केलं. चुंबकीय वादळात ते घेऊन उपयोग नसतो, एक स्क्रू फिरवेपर्यंत क्षेत्र पुढे सरकलेलं असतं.

१७:०५ यूटीसी, भारतात रात्रीचे १०:३५. मी लॅबमध्येच होतो. पडद्यावरच्या तिन्ही रेघा एकाच क्षणी उडाल्या. वादळाची सुरुवात इतकी स्वच्छ मी फक्त पाठ्यपुस्तकात पाहिली होती. शांत दिवशी काही दहा नॅनोटेस्लाचा चढ-उतार असतो. तासाभरात आलेखाची पट्टी दोनदा बदलावी लागली. रायोमीटरवर आकाशातून येणारा रेडिओ गोंगाट मंदावला, म्हणजे वरून कण वातावरणात शिरत होते आणि सुमारे ९० किलोमीटर उंचीवर रेडिओ लहरी शोषल्या जात होत्या.

मग लीडरने वॉकीवर सगळ्यांना हाक मारली. बाहेर आलो. अमावास्या होऊन दोनच दिवस झालेले, आकाश स्वच्छ.

इथे राहिलेल्याला ऑरोरा (ध्रुवीय प्रकाश) म्हटलं की दक्षिणेकडे बघायची सवय असते. ऑरोरा ध्रुवाभोवतीच्या एका कड्यात दिसतो, आणि मैत्री त्या कड्याच्या किंचित बाहेर आहे. शांत काळात कडं आपल्या दक्षिणेला, ध्रुवाच्या बाजूला असतं. वादळ झालं की ते फुगून विषुववृत्ताकडे सरकतं. पहिली हिरवी पट्टी दक्षिणेलाच दिसली. मग ती डोक्यावर आली, फाटली, आणि नंतर दक्षिण रिकामी झाली. सगळं उत्तरेला. लाल, वर गेलेलं, खाली हिरवा काठ. भूगोल उलटा झाल्यासारखं वाटलं. कडं आमच्या डोक्यावरून पलीकडे निघून गेलं होतं, आणि आम्ही त्याच्या आतल्या बाजूला उभे होतो. डॉक्टर एकसारखे दक्षिणेकडे कॅमेरा लावून बसले होते, त्यांना खांदा धरून फिरवावं लागलं.

११ मे

झोप नाही. डीएसटी निर्देशांक (चुंबकीय वादळाचा जोर सांगणारा आकडा) उणे ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास उतरला, २००३ नंतरचं हे सर्वांत जोराचं वादळ. लडाखमध्ये हानलेला लाल ऑरोरा दिसल्याचं कळलं.

नोंदीत खंड नाही, एक सेकंदही नाही. रात्रभर जनरेटर एकदाही बदलला नाही, त्याबद्दल जनरेटरवाल्यांना आमरसाचा शेवटचा डबा दिला.

कुलाब्याची आठवण येणं साहजिक. सप्टेंबर १८५९ च्या वादळात कुलाबा वेधशाळेत आडव्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण नोंदली गेली. आजही त्या वादळाचं मोजमाप करायचं म्हटलं की जगभरचे लोक त्या मुंबईच्या नोंदीकडे येतात. तेव्हा सेकंदाला नोंद करणारं यंत्र नव्हतं. दिवसरात्र पाळीने डोळा लावून बसणारी माणसं होती, आणि वादळ आलं त्या वेळी ती जागेवर होती.

२० मे

आजचा सूर्य शेवटचा, असं पंचांग म्हणतं. ढग होते. आता जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत नाही.

३१ मे

कोचीची अंटार्क्टिक करार सभा काल संपली. भारताने तिथे मैत्री-२ हे नवं स्थानक बांधण्याचा बेत जाहीर केला. संध्याकाळी सगळे त्यावरच बोलत होते : खोल्या मोठ्या असतील का, इंटरनेट कसं असेल, संडास कसे असतील. मला एकच चिंता आणि ती कुणाला फारशी रुचली नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मैत्री १९८९ ची. त्याआधीची दक्षिण गंगोत्री हिमफळीवर, म्हणजे समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फावर होती, बर्फात गाडली गेली आणि सोडून द्यावी लागली. चुंबकीय वेधशाळेसाठी हिमफळी तशीही कामाची नव्हती. बर्फ सरकतो, वळतो. खांबच वळत असेल तर दिशा कशाच्या आधाराने मोजायची? शिर्माकरमध्ये, म्हणजे मैत्री आहे त्या भागात, खडक आहे. खांब खडकावर, म्हणून इथली नोंद सलग जोडता येते. आणि ती जोडण्यासारखी आहे, कारण या भागातलं एकूण क्षेत्र दरवर्षी कमी होत चाललंय. दशकांचा हा उतार पकडायचा तर बेसलाइनमध्ये पायरी असून चालत नाही.

नवीन स्थानक म्हणजे नवीन जागा, नवीन खांब, शेजारी नवीन लोखंड. खडकात मॅग्नेटाइट (चुंबकीय लोहखनिज) कमी-जास्त असतं, त्यामुळे शंभर मीटरवरही क्षेत्र वेगळं निघतं. जुनं बंद करून नवं सुरू केलं की दोन्ही नोंदींमध्ये एक दरी राहते आणि ती मागाहून कुणालाच भरता येत नाही.

यावर उपाय नवीन शोधायला नको. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याचे वेध बिघडणार हे उघड होतं. नानाभॉय मूस तेव्हा कुलाबा वेधशाळेचे संचालक. त्यांनी अलिबागला चुंबकीय नसलेला दगड वापरून नवी वेधशाळा उभी केली, १९०४ मध्ये ती सुरू झाली, आणि कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजत राहिले. त्या दोन वर्षांच्या जोरावर कुलाबा आणि अलिबाग ही आज एकच नोंद मानता येते. मैत्री-२ साठी माझं म्हणणं एवढंच : नव्या इमारतीचा पाया खणायच्या आधी नव्या झोपडीची जागा ठरवा, आणि जुनी झोपडी निदान दोन हिवाळे सोबत चालवा. खर्च एका माणसाचा आणि एका थिओडोलाइटचा आहे. वार्षिक अहवालात हे माझ्या परीने लिहीन. वही वाचणाऱ्याने पुढच्या वर्षी पुन्हा लिहावं. असल्या गोष्टी एकदा लिहून होत नाहीत.

२१ जून

मिडविंटर. सगळ्या देशांच्या स्थानकांकडून शुभेच्छांचे ईमेल, सगळ्यांचे ग्रुप फोटो. रशियन शेजाऱ्यांकडे बोलावणं, नोव्होलाझारेव्स्काया इथून चार-पाच किलोमीटर. त्यांच्या बान्यात (वाफेच्या न्हाणीघरात) घाम काढला आणि मग बाहेर बर्फात. एकदा पुरे.

घरच्यांना वाटतं की इथे आता चोवीस तास काळोख. तसं नाही. दुपारी उत्तरेला चांगलं उजाडतं, दिवा न लावता बाहेर चालता येतं. मी ॲब्सोल्यूट त्याच वेळेला घेतो.

९ जुलै

आजचं ॲब्सोल्यूट. क्रम लिहून ठेवतो, कारण छापील पत्रकात थंडी धरलेली नाही.

बाहेर उणे २६, वारा बेताचा. हीटर आधी दोन तास लावायचा, मोजताना बंद. त्यामुळे आत शून्याच्या जवळपास आणि हळूहळू खाली. पहिल्यांदा खिडकीतून अझिमथची खूण, म्हणजे जिच्या आधाराने दिशा मोजायची ती ठरलेली खूण, बघायची. तिच्यावर दिवा लावून ठेवावा लागतो. त्या दिव्याची काच पुसायला जोडीदार जातो, तो परत येऊन लांब उभा राहीपर्यंत सुरुवात करायची नाही. मग दुर्बीण आडवी, मीटरवर शून्य येईपर्यंत फिरवायची. शून्य आलं की सेन्सर क्षेत्राला काटकोनात आहे. चार स्थिती : सेन्सर दुर्बिणीच्या वर आणि खाली, दोन्हींत दुर्बीण एकदा पूर्वेला, एकदा पश्चिमेला. सेन्सर दुर्बिणीवर तंतोतंत समांतर कधीच नसतो. चार स्थितींची सरासरी घेतली की तो वाकडेपणा आपोआप निघून जातो. मला या रीतीचं अजून नवल वाटतं. यंत्रातला दोष दुरुस्त करायचा नाही, त्यालाच चारही बाजूंनी बोलू द्यायचं. मग चुंबकीय याम्योत्तरात (चुंबकीय उत्तर-दक्षिण पातळीत) दुर्बीण उभी धरून नतीसाठी, म्हणजे क्षेत्र आडव्यापासून किती कललंय यासाठी, पुन्हा चार. शेवटी खूण पुन्हा. दोन्ही वेळची खूण जुळली नाही तर सगळं नव्याने.

अडचण बारीक स्क्रूची. जाड हातमोज्यात तो जाणवत नाही, उघड्या बोटांना पितळ चावतं. मी आतले पातळ रेशमी मोजे वापरतो, उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा एवढंच मोकळं. श्वास बाजूला सोडायचा. नेत्रिकेवर वाफ बसली की ती पुसू नये, गोठून ओरखडे पडतात, वाट बघावी. थिओडोलाइटचं वंगण घट्ट होतं, म्हणून फिरवताना घाई नको, नाहीतर पुढे जाऊन मागे येतो. पाऊण तास लागतो. उन्हाळ्यात निम्म्या वेळात होतं.

डॉक्टर जोडीदार म्हणून येतात. आकडे मी ओरडतो, ते पेन्सिलीने लिहितात. पेनची शाई गोठते. पेन्सिलीला टोक करायचं शार्पनर बाहेर ठेवलंय, त्याचं पातं पोलादी.

२४ जुलै

सूर्य. लालसर काठ, दहा मिनिटं. सगळे छपरावर. कुणीतरी गायत्री मंत्र म्हटला, कुणीतरी शिट्ट्या वाजवल्या.

१९ ऑगस्ट

हवा कोरडी, दरवाजाच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. लॅबमध्ये शिरताना आधी अर्थिंगच्या पट्टीला हात लावायची सवय ठेवा, मेमरी कार्ड जाईल.

दुपारच्या नोंदीत दोनदा खड्डा, प्रत्येकी काही मिनिटांचा. सूर्य शांत, त्यामुळे हे आपल्यातलंच. गाड्यांचं रजिस्टर बघितलं : पिस्टन बुली (बर्फावर चालणारी पट्ट्यांची गाडी) ड्रम आणायला त्या अंगाने गेली आणि परतली. वेळ मिनिटाला मिनिट जुळली, तेवढा भाग नोंदीतून वगळला. बर्फ साचल्यामुळे नेहमीचा रस्ता बंद होता, गाडीला दुसरी वाट नव्हती. गाडी जाणार असेल तर आधी वॉकीवर मला सांगायचं, एवढं ठरलं.

७ सप्टेंबर

गणपती. मूर्ती कशाची करायची यावर आठवडाभर चर्चा. माती आणता येत नाही, माद्रिद करारानुसार निर्जंतुक न केलेली माती इथे आणायला बंदी आहे. पिठाची केली असती, पण विसर्जन कुठे? तलाव पिण्याच्या पाण्याचा, समुद्र शंभर किलोमीटर लांब, आणि इथे काही सोडून जायचंच नाही. शेवटी खोक्याच्या प्लायवुडची केली. जनरेटरवाल्यांपैकी एकाचा हात सुतारकामात बसलेला आहे, सोंड त्याने अप्रतिम काढली. विसर्जन नाही, पूजा उत्तरपूजा करून मूर्ती डायनिंग हॉलच्या फळीवर.

मोदक सुक्या खोबऱ्याचे. कळ्या नीट पडल्या नाहीत, गोड होते. खोक्यातून काढलेले खिळे मोजून डब्यात भरले आणि डबा झोपडीच्या वाटेवर कुठेही ठेवणार नाही असं सगळ्यांकडून वदवून घेतलं.

४ ऑक्टोबर

ओझोनचं छिद्र असण्याचा काळ, हवामानवाल्यांचे ओझोनसाँडचे (ओझोन मोजणाऱ्या यंत्राचे) फुगे वाढले. फुगा सोडायला मदतीला गेलो. वाऱ्यात दोरा धरून पळावं लागतं.

११ ऑक्टोबर

काल रात्री पुन्हा जोराचं वादळ. मे महिन्याइतकं नाही, पण चांगलं मोठं. रात्रीचा पूर्ण काळोख आता उरलेला नाही, तेजस्वी भाग तेवढा नीट दिसला. नोंद पूर्ण.

१० नोव्हेंबर

पहिली फ्लाइट या आठवड्यात. स्कुआ पक्षी परतलेत, कचऱ्याच्या कंटेनरवर बसून असतात. कचरा उघडा ठेवू नका.

वर्षाची बेसलाइन काढली. तिन्ही घटकांत सरळ, हिवाळ्यात थोडा उतार आहे तो तापमानाचा, दुरुस्तीने जातो.

येणाऱ्यासाठी राहिलेली कामं : झोपडीच्या दाराची खालची बिजागरी झिजली आहे, बदली पितळेची मागवली आहे, जहाजाने येईल, बाजारात मिळणारी ‘पितळी’ बिजागरी पुष्कळदा मुलामा दिलेलं लोखंड असते, लावण्यापूर्वी चुंबकाने बघ. रायोमीटरच्या पूर्वेकडच्या अँटेनाचा ताण सैल आहे. खुणेवरच्या दिव्याचे सुटे बल्ब वरच्या कप्प्यात, डाव्या हाताला. रेशमी मोज्यांच्या तीन जोड्या धुऊन ठेवल्यात. डॉक्टर बदलतील, तेव्हा नवीन डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात झोपडीत ने आणि पेन्सिल हातात दे.